रिकामी कात्री

दुपारी तीन ते चार रंगनाथ दुकानात असतो आणि नसतो. पाय पायडलवर, हात कापडावर, डोळे उघडे, पण माणूस कुठे गेलाय ते विचारू नका. शिवरामपेटेतल्या त्या बोळात ऊन पत्र्यावरून घसरत खाली येतं, दाराच्या फटीतून आत शिरतं, आणि धाग्यांची बारीक कुसळं त्या उन्हात तरंगत राहतात, खाली बसायचं नावच घेत नाहीत. मशीन घर्र करतं. त्या घर्रमध्ये रंगनाथ एक गिटार ऐकतो. आता वर जाईल, आता खाली येईल, आता प्राणेश डोळे मिटून मान हलवेल. ती गिटार खरं म्हणजे कधी वाजलीच नव्हती. म्हणून तर ती रोज वेगळी वाजते.

रंगनाथ शिंपी आहे. वय अठ्ठेचाळीस. बायकांचे ब्लाउज, पुरुषांच्या पँटी आखूड करणं, पोरांची उसवलेली दप्तरं, येईल ते. विठोबाला उराशी धरून चार-पाच पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलेल्या शिंप्यांच्या घरातला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकाच वाक्यात. शाळेचं सांगायचं तर नववीत दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा उठला तो उठलाच. त्याचं त्याला वाईट वाटत नाही, मग दुसऱ्यांनी कशाला वाटून घ्यावं?

आणि हाच रंगनाथ पंकचा भक्त आहे. ते फाटक्या कपड्यांचं, तीन सुरांचं, घसा फोडून ओरडायचं परदेशी संगीत, त्याचा. एकादशीला देवळात टाळ घेऊन पहिल्या रांगेत बसणारा माणूस! पण आहे. आणि त्याला हे खूळ लागलं ते एका चुकीमुळे. अशी चूक फक्त शिंपीच करू जाणे.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दुकान वडलांचं, श्रीनिवासरावांचं. लक्ष्मीपुरमात योगासनं शिकायला परदेशी लोक यायचे, त्यांतली एक मुलगी एक दिवस दुकानात आली. डोक्याच्या दोन्ही बाजू भादरलेल्या, मधे केसांचा तुरा. हातात काळं जाकीट. खुणेने म्हणाली, चेन अडकते, तेवढी बघ.

तेवढी कसली! रंगनाथने जाकीट उलगडलं आणि दाराच्या उजेडात धरलं. कोपरं फाटलेली, पाठ फाटलेली, बाही खांद्यापासून सुटून नुसत्या सेफ्टीपिनांवर लोंबकळतेय. पाठीवर कुणीतरी पांढऱ्या रंगाने काहीतरी खरडलंय. त्याला वाटलं, बिचारीला परमुलखात कुणी नाही, पिना लावून दिवस काढतेय. तीन दिवस बसून त्याने असं रफू केलं की भिंगातून बघा, सापडणार नाही. सगळ्या पिना काढून काडेपेटीत ठेवल्या. पाठीवरची अक्षरं रॉकेलने घासून घालवली. वर इस्त्री.

मुलगी आली. जाकीट बघितलं. उलटं केलं, सुलटं केलं, आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. खांदे हलायला लागले. रंगनाथ पाणी घेऊन धावला, तर ती रडत नव्हती, हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पिशवीतून एक कॅसेट काढली, त्याच्या हातावर ठेवली, आणि कानाला हात लावून सांगितलं, हे ऐक, मग तुला कळेल तू काय केलंस. गेली ती जाकीट घालून, वकील कोर्टात निघाल्यासारखी दिसत होती. पिनांची काडेपेटी विसरली. ती काडेपेटी रंगनाथच्या गल्ल्यात अजून आहे.

कॅसेट ऐकली ती तिघांनी. रंगनाथ, मानाजीराव आणि प्राणेश. मानाजीराव म्हणजे महाराजांच्या घोडदळातल्या मराठ्यांचा वंशज, निदान तो तसं दिवसातून दोनदा सांगायचा. लग्नाच्या वरातीत ड्रम वाजवायचा. प्राणेश अगरबत्तीच्या कारखान्यात डबे भरायचा, त्याच्या अंगाला कायम चंदनाचा वास. श्रीनिवासराव देवळात गेले की दुकानाचं अर्धं दार लावायचं आणि टेप चालू. तीन सूर. कुणीतरी ओरडतोय, बोट दारात चेंगरल्यासारखा. मानाजीरावाने कानावर हात ठेवले. रंगनाथला ते जाकीट आठवलं आणि लाज वाटली, आणि हसूही आलं.

प्राणेशने मात्र आवाज वाढवला. कॅसेट संपल्यावर हळूच म्हणाला, "हे मला येईल."

बस, एवढंच. आयुष्यभर रेडिओवर मोठमोठ्यांची गाणी ऐकली, आपल्याला येईल असं कधी वाटलं नव्हतं. ते वाटायला लावलं त्या फाटक्या कॅसेटने. रंगनाथ आजही कुणी पंकची थट्टा केली की दुसरं काही सांगत नाही, हे एक वाक्य सांगतो.

बँड झाला. नाव 'कत्तरी'. कन्नडमध्ये कात्रीला म्हणतात. आणि शिंप्याच्या घरात एक नेम असतो, रिकामी कात्री वाजवायची नाही. मधे कापड नसताना कच कच केलं की घरात भांडण होतं. श्रीनिवासराव त्यासाठी हातावर फूटपट्टी मारायचे. म्हणून गाणं सुरू कसं करायचं, तर रंगनाथने माईकसमोर कात्री धरायची आणि चार वेळा रिकामी वाजवायची. कच, कच, कच, कच. त्या वयात त्यांना याच्याहून मोठं बंड सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्या घरात याच्याहून मोठं बंड नव्हतंच.

गल्लीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा आला होता. त्यांचा गायक वेळेवर पोचला नाही, तेवढ्या वेळात या तिघांना स्टेज मिळालं. गिटार ऑर्केस्ट्रावाल्यांची, उसनी. प्राणेशने ती अशी गळ्यात घेतली, जसं कुणी झोपलेलं मूल घेतं. कात्री वाजली. मानाजीराव ड्रमवर तुटून पडला. रंगनाथने तोंड उघडलं आणि जे काय बाहेर पडलं त्याला गाणं म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं. गिटारीची तार छेडली जायच्या आतच ऑर्केस्ट्राचा माणूस मागून आला, त्याला आपल्या साउंडच्या मशीनची काळजी, आणि त्याने गिटारीची वायर उपटली. रंगनाथने बघितलं. मानाजीरावाने बघितलं. प्राणेशचे डोळे मिटलेले होते. वायरचं टोक त्याच्या पायाशी पडलेलं आणि तो वाजवतोय, चार मिनिटं, घामाने चिंब, ओठांवर एक हसू, देवळात पहिल्यांदा काकड्याला गेलेल्या पोरासारखं.

खाली उतरल्यावर त्याने दोघांचे खांदे धरले. "ऐकलंत? माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ऐकला," रंगनाथ म्हणाला.

"कान बसले," मानाजीराव म्हणाला.

चार महिन्यांनी प्राणेश मोपेडवरून हुणसूरला माल पोचवायला निघाला, तो येलवालच्या पुढे तंबाखूच्या लॉरीखाली गेला. गोष्ट तिथेच संपायची. पण प्राणेशची आई होती, रुक्मिणीबाई. गणपतीतल्या त्या रात्री ती मांडवात बसलेली होती. त्यानंतर आजतागायत ती ब्लाउजचे हुक लावायला दुकानात आली की जो कोण गिऱ्हाईक बसलेलं असेल त्याला सांगते, "माझ्या प्राणेशची गिटार अख्ख्या शिवरामपेटेने ऐकलीय. कर्रर्र अशी, लोखंडी दार उघडल्यासारखी. नाजूक काम नव्हतं ते."

रंगनाथ तोंडात सुई धरून मान हलवतो. आईचं मन, तिला ऐकू आली असेल. आणि दुपारी तीन वाजता मशीन सुरू झालं की तोही ऐकायला लागतो.

मानाजीराव आता बस डेपोत मेकॅनिक आहे. शनिवारी सुटला की सरळ दुकानात. रंगनाथची बायको वसंता दोन कॉफ्या आणून ठेवते आणि आत निघून जाते, कारण पुढे काय होणार ते तिला पाठ आहे. वीस वर्षं तोच वाद.

मानाजीरावाला आवडतात ते विनोदी सिनेमे. रॉकवाल्यांची टर उडवणारे. केसांचे टोप घातलेले, स्वतःला देव समजणारे गायक, आणि बोंब सगळी. पूर्वी व्हीसीडी आणायचा, आता मोबाइलवर दाखवतो. एका सिनेमात गायकाची चामड्याची पँट इतकी घट्ट की पावलागणिक करकरते, आणि साउंडवाला बिचारा माईक बिघडला म्हणून बदलत सुटलाय. तो सीन मानाजीरावाने शंभरदा बघितला असेल, आणि शंभरदा त्याला ठसका लागलाय.

"पँटची बैठक चुकलीय," रंगनाथ म्हणतो. "मागे दोन बोटं कापड ठेवायला पाहिजे होतं."

"तू एकदा तरी हस रे!"

"काय हसायचं? कुणीतरी जीव तोडून गातोय आणि तुम्ही त्याच्या बुडाकडे बघताय."

"तोच तर! जीव तोडून गातोय, पण आरशात बघून. त्याचं हसू येणारच. आणि तुझे ते पंकवाले काय वेगळे? कच्ची शिलाई नुसती. धागे लोंबतायत, अस्तर नाही, आणि म्हणे फॅशन."

"कच्च्या शिलाईतच कळतं कपडा अंगाला बसतो की नाही. पक्की टीप मारली की चूक आत जाऊन बसते, मग बोंबला."

"म्हणजे वाजवता यायला नको?"

"नको. देवळात बघ. टाळ हातात धरला की झाला मंडळीतला. सूर लागतो का रे तुझा, असं विठोबाने कुणाला विचारलंय? मोठमोठे गवई आले की आपण खाली बसून ऐकायचं. हे आलं की आपण उठून उभं राहायचं. एवढाच फरक."

"बिडु, सोड. तुझा विठोबा बहिरा आहे म्हणून खपतं."

"आणि तुझे सिनेमे? लोकांची नक्कल करून पोट भरणं."

इथे मानाजीराव नेहमी कॉफीचा पेला खाली ठेवतो. "रंग्या, ज्याच्यावर माया नाही ना, त्याची नक्कल जमतच नाही. मी माझ्या बायकोची नक्कल करतो, हुबेहूब. शेजारणीची करून दाखव म्हण. येत नाही."

"बायकोला विचारलंस तिला आवडते का?"

"तीच सगळ्यात जास्त हसते."

असं. मग पाच वाजतात, ऊन पलीकडच्या भिंतीवर चढतं, दोघं गार झालेली कॉफी संपवतात. धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा तो शनिवार तसाच लोंबत राहतो. वीस वर्षांत कुणी जिंकलं नाही. जिंकायचं कुणाला होतं?

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका शनिवारी मानाजीरावाबरोबर त्याची मुलगी आली, चैत्रा. तेवीस वर्षांची, लग्नांचे व्हिडिओ काढते, बोलणं बापाच्या दुप्पट.

"रंगाकाका, तीन जाकिटं शिवायचीत. काळी. फाटकी पाहिजेत."

"कशाला?"

"सिनेमा करतेय. वीस मिनिटांचा. म्हैसूरचा महान बँड, ज्याने आयुष्यात फक्त चार मिनिटं वाजवलं. सगळं एकदम गंभीर. जाणकार येऊन सांगतायत, त्या चार मिनिटांनी संगीताचा इतिहास कसा बदलला. एक प्राध्यापक तर रडतो." तिला सांगता सांगताच हसू आवरेना. "देवळाच्या हॉलमध्ये दाखवायचाय, रविवारी दुपारी, अख्ख्या गल्लीला."

रंगनाथलाही हसू आलं. कत्तरीवर सिनेमा! त्याने पेन्सिल घेतली, वहीत मापं लिहायला लागला. दोन पोरांची मापं चैत्राने सांगितली. तिसरं, प्राणेशचं काम करणाऱ्या गगनचं, ती शोधत होती मोबाइलमध्ये, तोवर रंगनाथच्या हाताने आपोआप लिहिलं होतं. छाती चौतीस, खांदा साडेपंधरा. बघितल्यावर त्याचं त्यालाच कळलं की हे गगनचं माप नाही.

"आणि शेवटचा सीन तर, काका," चैत्रा म्हणाली, "वायर उपटतात आणि त्याला कळतच नाही. तो वाजवतोय, वाजवतोय, आवाज शून्य."

दुकानात मशीन बंद होतं. तरी काहीतरी थांबल्यासारखं झालं.

रंगनाथने मानाजीरावाकडे बघितलं. मानाजीराव कापायच्या टेबलावरची मोठी कात्री घेऊन बसला होता, बोटं ड्रमवाल्याची, गप्प राहतील तर शपथ. नकळत कच कच चाललेलं.

"ठेव ती कात्री," रंगनाथ म्हणाला.

"अरे..."

"तू पोरीला ते पण सांगितलंस? आपण दोघांनी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"तीस वर्षं होत आली रंग्या."

"रुक्मिणीमावशी हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार. सगळी गल्ली हसणार आणि तिला कळणार, तिचा पोरगा मुका वाजवत होता. जाकीट शिवत नाही मी. तो सीन काढा, मग या."

चैत्राचा चेहरा उतरला, पण मागे सरली नाही ती. "काका, बाकीचा सिनेमा विनोद आहे. तो सीन नाही. लोक हसतील आणि हसता हसता थांबतील. त्यासाठीच तर सगळं केलंय."

"न थांबले तर?"

चैत्राने बापाकडे बघितलं. मानाजीराव उठला. त्याचा आवाज चढला की तो घोडदळातलाच वाटतो. "मला एक सांग. वीस वर्षं माझं डोकं खातोस, वाजवता यायची गरज नाही, उभं राहिलं की झालं. मग प्राणेशची गिटार वाजली नाही त्याची तुला एवढी लाज का?"

"लाज नाही मला!"

"मग लपवतोस काय?"

रंगनाथने सुईत दोरा ओवला, तो पुन्हा ओढून काढला. "साकु," तो म्हणाला. पुरे. "चालते व्हा दोघं."

तीन शनिवार मानाजीराव आला नाही. वसंताने सवयीने दोन कॉफ्या आणल्या, एक परत नेली. दुपारी तीनला मशीन सुरू व्हायचं, पण गिटार येईना. नुसतं मशीन. रंगनाथ कान देऊन बसायचा, तर मानाजीरावाचाच प्रश्न ऐकू यायचा, लपवतोस काय, लपवतोस काय, टाक्यागणिक. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला त्याने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

वसंताने तो ब्लाउज उचलून बघितला. "चैत्रा सिनेमा थांबवणार नाही," ती म्हणाली. "जाकिटं दुसरीकडून आणेल. मावशींना कळायचं ते कळणारच. तुम्ही सांगणार की पडदा सांगणार, तेवढं ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ रुक्मिणीबाईच्या घरी गेला. पंच्याहत्तरीची बाई उंबऱ्याजवळ पाटावर अगरबत्त्या वळत बसलेली. काळ्या मसाल्याची गोळी, बांबूची काडी, तळव्याची एक फिरकी, की झाली. वासाने दार ओलांडलं आणि रंगनाथला वाटलं आत प्राणेश आहे, हाक मारली तर येईल बाहेर, केस विंचरत.

"बस रंगा. हुक घेऊन आलास?"

"नाही मावशी. एक सांगायचंय."

आणि सांगून टाकलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. ऑर्केस्ट्राचा माणूस, वायर, चार मिनिटं. आम्ही बघितलं आणि बोललो नाही. आता पोरीच्या सिनेमात ते येणार आहे, लोक हसतील.

रुक्मिणीबाईने तीन काड्या वळल्या. चौथी हातात घेतली, ठेवली.

"त्याला ठाऊक होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"बरं केलंत." तिने मसाल्याची गोळी तळव्यात दाबली. मग कपाळाला आठ्या. "पण मग ती कर्रर्र?"

"कुठली?"

"लोखंडी दारासारखी. मी ऐकलीय रंगा. म्हातारी आत्ता झालेय मी, तेव्हा नव्हते."

रंगनाथ म्हणणार होता, मावशी, ते तुमच्या मनाने ऐकलं. म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. त्या मांडवात ड्रम सोडून आवाज होता कुणाचा?

"मावशी," तो म्हणाला, "तो मी होतो. गात होतो."

"ते गाणं होतं?"

"हो."

रुक्मिणीबाईने त्याच्याकडे बघितलं, अगदी वरपासून खालपर्यंत, माप घेतल्यासारखं. आणि तिचे खांदे हलायला लागले. हसली ती. दात नसलेलं तोंड उघडं टाकून हसली, डोळे पुसायला गेली तर गालभर काळा मसाला. "अय्यो देवा! इतकी वर्षं मी जगाला सांगत फिरले, माझ्या लेकाची गिटार, आणि तू तिथेच सुम्ने, गपचूप बसून मान हलवत होतास?"

"मला वाटलं आईचं मन, म्हणून ऐकू येतं."

"आईचं मन! आईला कान नसतात होय रे?"

तोही हसला मग. किती दिवसांनी, कुणास ठाऊक. हसता हसता तिने पाटावरची काडी उचलली आणि शांतपणे वळायला घेतली.

"दाखवू दे सिनेमा. मी येणार. पण एक सांगते, फाटकं घालून माझ्या घरातून तो कधी बाहेर पडला नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते कर. त्याचं धड शीव."

रंगनाथने तीन जाकिटं शिवली. दोन फाडायची होती. नवं कापड, आपल्या हातची टीप, आणि फाडायचं! कापडाला कात्री लावण्याआधी पांडुरंगाचं नाव घ्यायची सवय, फाडताना घ्यायचं की नाही तेच कळेना. शेवटी घेतलं. ती जाकिटं बघून चैत्रा म्हणाली, "काका, हे फाडलंय की कापलंय? एका रेषेत आहे सगळं." काय करणार, हात शिंप्याचा. मग त्याने गल्ल्यातून काडेपेटी काढली आणि त्या परदेशी मुलीच्या पिना एकेक करून लावल्या. तिसऱ्या जाकिटाला नाही. त्याची छाती चौतीस, खांदा साडेपंधरा. गगनला ते थोडं घट्ट झालं, पण त्याने तक्रार केली नाही.

मानाजीरावाला मात्र त्याने निरोप धाडला नाही. मानाजीरावानेही नाही. दोघं एकाच मातीचे.

तो रविवार. देवळाच्या हॉलच्या खिडक्यांना रंगनाथने काळं अस्तर टाचलं होतं, तरी टाचण्यांच्या भोकांतून ऊन आत येत होतं आणि बसलेल्या लोकांच्या अंगावर बारीक चांदण्या पडल्या होत्या. भर दुपारी रात्रीचं आकाश. रुक्मिणीबाई पहिल्या रांगेत, शेजारी रंगनाथ. मानाजीराव कुठेतरी मागे अंधारात, घोगरा खोकला ऐकू येत होता.

सिनेमा सुरू झाला. लोक हसले. प्राध्यापक रडला तेव्हा तर छप्पर उडायची वेळ आली, आणि रंगनाथही हसला, खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी. पोरीला एकेक टाका ठाऊक होता. एवढं बारीक बघायला माया लागते, हे त्याला त्या अंधारात पटलं. पण हे मानाजीरावाला सांगायची काही गरज नव्हती.

मग तो सीन. पडद्यावर मांडव, लाल-पिवळे दिवे, धड जाकिटातला गगन डोळे मिटून उभा. मागून एक हात आला, वायर गेली. चैत्राने आवाज पूर्ण बंद केला होता, ड्रमचाही, गायकाचाही. पोरगा वाजवतोय. लोक हसले. आणखी हसले. मग हसू विरळ झालं, एक खुर्ची वाजली, आणि हॉल गप्प. तो वाजवतोच आहे. त्याच्या ओठांवर तेच हसू, पोरीने कुठून शोधून काढलं होतं देव जाणे.

रंगनाथच्या दंडाला एक कोपर लागलं, हाडकुळं, चंदनाच्या वासाचं.

"कर की," रुक्मिणीबाई कुजबुजली.

"काय?"

"गिटार."

तेवढ्यात मागून, अंधारातून, आवाज आला. कच. कच. कच. कच. रिकामी कात्री. पोलादाची, मोठी. डेपोत पत्रा कापतात तसली असावी, घरून कुणी असली घेऊन निघत नाही. म्हणजे मानाजीरावाने आणलीच होती, खिशात घालून, वाट बघत.

रंगनाथ उठून उभा राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, गळ्यात टेप, शर्टाला धागे चिकटलेले, समोर सगळी गल्ली आणि भिंतीपलीकडे विठोबा. तोंड उघडलं आणि जुनं लोखंडी दार उघडतं तसा तो ओरडला, कर्रर्र, पडद्यावरच्या बोटांकडे बघत, ती खाली गेली की खाली, वर गेली की वर. मागच्या भिंतीवर तो आवाज आपटला आणि परत आला.

"हां," रुक्मिणीबाई शेजारच्या बाईला म्हणाली, "ही. हीच माझ्या प्राणेशची."